मुंबईतल्या ब्लॉकाचा नवस

बंगल्याचं दार उघडं होतं आणि आत कुणीतरी माणूस होता. मालक मुलुंडला, किल्ली तेजस्वीच्या पिशवीत, आणि तरी आत माणूस. तेजस्वीने छत्री मिटली, पायरीवरची हिरांची केरसुणी उचलली आणि पाय न वाजवता आत शिरली.

हॉलच्या मधोमध एक तरुण गुडघ्यांवर बसून जमीन मोजत होता. टेपचं एक टोक त्याने भिंतीशी आपल्याच बुटाखाली दाबून ठेवलं होतं आणि दुसरं हातात धरून तो मागे मागे सरकत होता. अर्ध्यावर गेला की बूट कलंडायचा, टेप सर्रकन परत यायची, आणि हा उठून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. चोर असेल तर फारच बावळट चोर होता.

"कोण तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. आधी केरसुणीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि कुणीतरी आपलंच माणूस आल्यासारखा सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं आलात... हे टोक जरा धरता का?"

आणि तिने धरलं. का धरलं, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. ओल्या पायांनी ती भिंतीशी उकिडवी बसली, एका हातात टेपचं टोक, दुसऱ्या हातात केरसुणी. नवरात्र संपत आलं होतं तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, आणि उघड्या दारातून समुद्राचा वारा दोघांच्या मधून जात होता.

तेजस्वी धुरी मालवणच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. दोन वर्षं नोकरी शोधून झाल्यावर तिला मिळालं ते हे काम. समुद्रावरच्या टेकाडावर मुंबई-पुण्याच्या लोकांनी अकरा बंगले बांधले होते. त्यांची दारं-खिडक्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी उघडायची, नळ सोडायचे, पंखे फिरवायचे, गाद्यांवरची बुरशी पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा सगळं बंद करायचं. माणूस राहिलं नाही की घर कुबट होतं. मालक वर्षातून चार दिवस यायचे, कधी तेवढेही नाही, आणि बाकी सगळं वर्ष तेजस्वी त्या घरांची माणसांची सवय मोडू नये म्हणून झटायची. स्वतःच्या घरी तिला झोपायला पडवीतली एक खाट होती.

तरुणाचं नाव चंदन पालव. शिकलेला इंजिनियर; तो बँकेसाठी घरांचं मूल्यांकन करायचा, म्हणजे घर मोजायचं, बघायचं आणि त्याची किंमत कागदावर लिहून द्यायची. मालकाने दुसरी किल्ली त्याच्याकडे दिली होती आणि तेजस्वीला कळवायचं विसरून गेला होता. मालकाला हा बंगला बँकेकडे तारण ठेवायचा होता.

"काय अडचण आली त्यांना?" तेजस्वीने काळजीने विचारलं.

"अडचण कसली? मुंबईत फ्लॅट घेतायत. तिसरा."

"कोण राहणार त्यात?"

"कोणी नाही. ठेवणार."

"ठेवणार म्हणजे?"

"कुलूप लावून. भाव वाढेपर्यंत."

तेजस्वीच्या हातून टेपचं टोक सुटलं. पट्टी सपकन मागे आली आणि चंदनच्या बोटांवर बसली. त्याने बोटं तोंडात घातली. तिने माफी मागितली, पण मागताना तिला हसू आवरत नव्हतं, आणि ते त्याला दिसलं.

"मुद्दाम सोडलंत."

"मुद्दाम सोडलं असतं तर केरसुणी मारली असती," ती म्हणाली.

*

त्याला जिल्ह्यात दोन महिने काम होतं. मालवणला स्टँडजवळच्या लॉजमध्ये तो उतरला होता आणि एसटीने कधी बांद्याला, कधी सावंतवाडीला जाऊन घरं मोजून येत होता. बाकीच्या ठिकाणी टेपचं टोक कोण धरत होतं कोण जाणे, पण मालवण तालुक्यातलं काम आलं की तेजस्वीला फोन यायचाच.

"उद्या दोन घरं आहेत. बुटाने काम होत नाही हो."

"मग दुसरा बूट घ्या."

"घेतला. तोही कलंडतो."

ती वैतागून फोन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन हजर व्हायची. काम झालं की बंदरावरच्या टपरीवर चहा आणि गरम भजी. तो मुंबईत वाढलेला, मालवणी त्याला कळायची पण बोलायला गेला की जिभेची बोबडी वळायची. मासे घेताना तो बाजारात मालवणीत भाव करायला गेला आणि कोळणीने हसत हसत त्याला दुप्पट भाव लावला. तेजस्वी तिथेच उभी होती. मुद्दाम मध्ये पडली नाही.

हळूहळू तिला त्याचं सगळं कळलं. नऊ वर्षांच्या नोकरीत त्याने सात घरं बदलली होती. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, क्वचित वाढवून मिळाला तर मिळाला. अकरा महिने झाले की मालकाच्या मुलाचं लग्न निघायचं, नाहीतर इमारत पाडायला निघायची, नाहीतर सोसायटी म्हणायची की एकटे पुरुष नकोत. दर वेळी दलालाला एक महिन्याचं भाडं, दर वेळी टेम्पो, आणि दर वेळी स्टेशनापासून आणखी लांब. आता तो कल्याणच्याही पुढे राहत होता. आईवडील थोरल्या भावाकडे नाशिकला. सातही घरांतून त्याच्याबरोबर न चुकता फिरली होती ती कढीपत्त्याची एक कुंडी.

"कढीपत्ता?" तेजस्वीला खरं वाटेना.

"आईने दिला होता. पहिल्या घरात वीतभर होता, आता कमरेएवढा झालाय. टेम्पोत मी मागे बसतो, तो पुढे ड्रायव्हरशेजारी."

ती खूप हसली. हसता हसता तिला एकदम त्याची दया आली, आणि दया येऊन गेल्यावर जे काही उरलं ते दयेपेक्षा बरंच वेगळं होतं. तिने चहाचा ग्लास उगाचच दोन्ही हातांत धरला आणि बंदरातल्या होड्यांकडे बघत बसली.

"तुम्ही दिवसभर घरांच्या किमती लिहिता," ती म्हणाली. "मग एकदा कमी लिहा ना. कुणालातरी परवडेल."

चंदन हसला नाही. त्याने सांगितलं की गंमत तीच आहे. शेजारचं घर कितीला गेलं ते बघून तो आकडा लिहितो, आणि त्याने लिहिलेला आकडा बघून पुढचं घर विकलं जातं. आकडा वर चढतो, कधी खाली उतरत नाही, कारण उतरला तर ज्यांनी घरं तारण ठेवलीत त्यांच्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांचेच धाबे दणाणतात. त्यापेक्षा बिल्डर मजलेच्या मजले रिकामे ठेवतो. ज्याच्याकडे एक घर आहे त्याला त्या घराच्या जोरावर दुसरं मिळतं, दुसऱ्याच्या जोरावर तिसरं. ज्याच्याकडे एकही नाही, त्याने कशाच्या जोरावर मागायचं?

"आणि हे सगळं मी माझ्या सहीने करतो," तो म्हणाला. "माझ्या हाताने माझंच घर लांब ढकलतो, बघा."

त्या दिवशी त्याला लॉजवर सोडताना तिच्या लक्षात आलं की आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो आहोत आणि आधी कुणी आलं ते आठवत नाही.

*

आता इथे अडचण होती, आणि ती अडचण साधी नव्हती. ती देवापाशी होती.

तेजस्वीचे वडील बाबू धुरी. थोडी भातशेती, पन्नासेक काजू, आणि डोक्यात एकच विचार, मुलगी मुंबईत स्वतःच्या घरात पडली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी रवळनाथाच्या जत्रेत त्यांनी दाजी गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं होतं. सगळा गाव देवळात उभा. दाजींनी हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बाबूच्या चेडवाक मुंबैत स्वताचो ब्लॉक असलेलो घोव गावांदे. भाड्याचो नको, पागडीचो नको, संडास भायर असलेलो नको... तुझा सोन्याचा तोरान भरून देतलो, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

तेजस्वीही म्हणाली. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, लहानपणापासूनची सवय. ती मैत्रिणीशी कुजबुजत होती, कान दुसरीकडे होते, आणि तोंड म्हणून मोकळं झालं. आपण कशाला हो म्हटलं ते तिला घरी आल्यावर आईने सांगितलं. तेव्हापासून ती स्वतःवरच जेवढी चिडली होती तेवढी बापावरही चिडली नव्हती.

त्यानंतर दोन स्थळं ब्लॉकापायी परत गेली. एक कुडाळचा मास्तर, चांगला होता. दुसऱ्याला मुंबईत खोली होती, पण भावाच्या नावावर. बाबूंचं एकच, "देवाक सांगून झाला. आता बदलूक मी कोण?"

चंदन आधी ही हकिगत ऐकून पोट धरून हसला, आणि मग दोन दिवस जिल्ह्यातल्या बँकांना फोन लावत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी इथेच राहिलो तर? जिल्ह्यातल्या बँकांचं काम मिळेल मला. मालवणात भाड्याने घर बघू."

त्यांनी बघितलं. आठ दिवस बघितलं. मालवणात जी खोली रिकामी होती ती पर्यटकांसाठी होती, एका रात्रीचं भाडं घेणारी. महिन्याने द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि का असावं? तेजस्वीने शेवटी मनाचा हिय्या करून आपल्या अकरा मालकांपैकी जरा बऱ्या बाईंना फोन लावला. वर्षभर बंदच असतो बंगला, मागची एक खोली भाड्याने द्याल का, असं विचारलं.

"अगं, पण डिसेंबरात आम्ही येतो ना," बाई म्हणाल्या.

चार दिवस. तेजस्वीने फोन ठेवला आणि त्याच बंगल्याच्या पायरीवर बसून राहिली. पाठीमागे सात खोल्या, तीन न्हाणीघरं, दोन गच्च्या. पंखे सगळे चालू. तिला इतका संताप आला की आत जाऊन तिने एकेक पंखा बंद केला.

*

चंदन तेजस्वीच्या घरी आला तो रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून. तिच्या आईने, सावित्रीने, घावणे केले होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. बाबूंनी त्याला खाऊ दिलं, दोनदा वाढायला लावलं, गावाचं नाव विचारलं, कूळ विचारलं. मग हात धुऊन समोर बसले.

"जागा खंय?"

"भाड्याची आहे. कल्याणच्या पुढे."

"स्वताची?"

"नाही, काका."

"घेवक नाय, काय गावूक नाय?"

"परवडली नाही. आणि पुढेही परवडेल असं दिसत नाही. खोटं कशाला सांगू?"

बाबूंचा चेहरा उतरला. मुलगा त्यांना आवडला होता, तेच तर दुखणं होतं. त्यांनी वाडीतल्या एका पोस्टमनचं उदाहरण दिलं. त्या माणसाने पंधरा वर्षं नोकरी करून डोंबिवलीला ब्लॉक घेतला, आणि तू तर इंजिनियर. तुम्हां पोरांचे पैसे मोबाइलात जातात. चंदनने शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. पोस्टमनच्या वेळी घर राहण्यासाठी बांधत होते, आता ठेवण्यासाठी बांधतात. लहान घरं कुणी बांधतच नाही. पगार वर्षाला एक पायरी चढतो आणि घर दोन, त्यामुळे धावणाऱ्याला ते दर वर्षी आणखी लांब दिसतं. मोबाइल विकून त्यातली एक वीतही येणार नाही.

बाबूंनी सगळं ऐकून घेतलं. पटलंही असावं, कारण ते जास्तच चिडले.

"ह्या माका कित्याक सांगतंस?" ते ताडकन उठले. "माका पटला म्हणान काय व्हतला? नवस देवाक केललो आसा. सांगूचा आसा तर देवाक सांग."

आणि कोयती घेऊन काजूत निघून गेले. सावित्रीने डोळ्यांना पदर लावला. चंदनने शर्टाचं बटण पिरगाळलं. तेजस्वी मात्र उठून उभी राहिली.

"सांगतंय मगे," ती रिकाम्या अंगणाला म्हणाली. "देवाकच सांगतंय."

दाजी गुरव सत्तरीचे. त्यांनी सगळं ऐकून डोक्याला हात लावला. म्हणाले, "गो बाय, देवाक लोक आजार सांगतत, भांडणां सांगतत, चुकलेला ढोर सांगतत. बाजारभाव कोण सांगता?"

पण तिने पिच्छा सोडला नाही, आणि दाजींनी शेवटी हात टेकले. पुढच्या सोमवारी सकाळी या, काय सांगायचं ते लिहून आणा, माझ्या डोक्यात राहायचं नाही.

ते लिहायला ती दोघं शुक्रवारी बंगल्याच्या व्हरांड्यात बसली. खिडक्या उघडल्या होत्या, खाली समुद्र होता, पाऊस एकदाचा गेला होता आणि वाऱ्याला खारट, सुक्या मासळीचा वास येत होता. चंदनने पहिल्याच ओळीत 'मागणी व पुरवठा' लिहिलं. तेजस्वीने ते खोडलं.

"देवाला असलं कळत नाही."

"कळत नाही की आवडत नाही?"

"मला आवडत नाही."

त्याने दुसरं लिहिलं, तिने तेही खोडलं. कागदावर दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की तिचे वाऱ्याने उडणारे केस त्याच्या गालाला लागत होते, आणि तो गाल मागे घेत नव्हता.

"शेवटी काय मागायचं?" त्याने विचारलं.

"ते तू सांग."

"मला तू हवी आहेस..." तो पेनाकडे बघत म्हणाला. "हे गाऱ्हाण्यात बसतं का?"

तिने कागद ओढून घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडली. "बसतं," ती म्हणाली. "पण ते मला दाजींच्या तोंडून ऐकायचं नाहीये."

मग त्याने ते पुन्हा सांगितलं, या वेळी तिच्याकडे बघून. त्या दिवशी गाऱ्हाणं अर्धंच लिहून झालं.

*

सोमवारी देवळात फारसं कुणी नव्हतं. सावित्री, शेजारच्या हौसाबाई, देवळाच्या पायरीवर नेहमी बसणारे चार म्हातारे, आणि खांबाला टेकून तोंड फिरवून उभे असलेले बाबू. नवस त्यांचा, म्हणून यावं लागलं होतं.

दाजींनी चष्मा लावला आणि कागद लांब धरला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा. आज ह्या ठिकाणी ही तुझी लेकरां हात जोडून उभी आसत. तीन वर्षांमागे तुझ्याकडे मुंबैचो ब्लॉक मागितललो, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पण थंय आता राखणदाराक घर नाय आणि रिकाम्या घराक राखणदार आसा, रे म्हाराजा. ज्येका एक आसा तेका तीन गावतत, ज्येका नाय तेका अकरा म्हयन्यांनी भायर काढतत."

"व्हय म्हाराजा," म्हाताऱ्यांचा आवाज चढला. त्यांची मुलं मुंबईच्या टोकाला, विरार-दिव्याला भाड्याने राहत होती. त्यांना हे देवाला सांगण्यासारखं वाटू लागलं होतं.

"मजल्यार मजले चढतत आणि आत दिवो लागना नाय. ह्यो झील घरां मोजून मोजून दमलो, पण मोजलेल्यातला एक हात तेच्या वाट्याक येणा नाय. तेव्हा म्हाराजा, ह्या ब्लॉकाच्या शबदातसून ह्या लेकरांका मोकळा कर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दाजींनी फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन्ही अंगांना लावल्या. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. तेजस्वीने चंदनची बाही घट्ट धरली होती आणि बाप बघतोय याचं तिला भान नव्हतं.

पाकळी पडली. डावी.

चंदनला आधी कळलं नाही. तेजस्वीच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. एवढं सगळं नीट मांडून, एकही खोटं न बोलता, नाही ते नाहीच. तिला रडू येण्याऐवजी भयंकर राग आला. मालक, बँका, बंगल्यातली बाई, आणि आता हा देवही.

दाजींनी चष्मा काढून पुसला. "तुमी सांगितलात ता बरोबर आसा," ते म्हणाले. "पण नवस तुमचो नाय. ज्येचो शबुद, तेणांच मागे घेवक व्हयो." आणि ते बाबूंकडे बघत राहिले.

बाबूंनी खांब सोडला. मग पुढे आले. गाऱ्हाणं घालायची त्यांना सवय नव्हती. हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले.

"म्हाराजा," ते म्हणाले आणि थांबले. "माका काय बोलूक येणा नाय. मी नऊ वर्षां लालबागेक होतंय. गाववाल्यांच्या खोलीत. बावीस माणसां. रातपाळीचो उठलो की तेच्या वळकटीत मी झोपय. लगीन झाला तरी तसाच. हिका न्हेवक जागा नाय, म्हणान ही हयसर... गणपतीक मी येय, शिमग्याक येय. नऊ वर्षांत किती दिवस झाले ते तुका ठावक." त्यांनी नाक पुसलं. "ब्लॉक मी चेडवासाठी नाय मागलंय, म्हाराजा. माझ्यासाठी मागलंय. माका गावलो नाय म्हणान मागलंय."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. वाक्य तसं नव्हतं. मग मागून सावित्रीचा आवाज आला, घोगरा, पण सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा.

"व्हय म्हाराजा."

बाबूंनी मागे वळून बायकोकडे बघितलं. नऊ वर्षांबद्दल ती त्यांच्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती.

"तेव्हा माझो शबुद मी मागे घेतंय," ते देवाकडे वळून घाईघाईने म्हणाले. "ह्यांका जागा भाड्याची गावांदे, लहान गावांदे, खंयय गावांदे. पण दोघांका एका छपराखाली रव्हांदेत, रे म्हाराजा."

या वेळी तेजस्वीने शब्द न शब्द ऐकला होता. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली, सगळ्यांच्या आधी. चंदन सगळ्यांच्या नंतर म्हणाला, एकटाच, उशिरा, आणि म्हाताऱ्यांना हसू फुटलं. त्या हसण्याच्या गडबडीत उजवी पाकळी कधी पडली ते फक्त दाजींनी बघितलं.

*

जागा शेवटी सावंतवाडीला मिळाली, तळ्यापासून दहा मिनिटांवर, एका निवृत्त मास्तरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. करार अकरा महिन्यांचा. खोल्या बघायला गेले तेव्हा चंदनने सवयीने टेप काढली आणि टोक तेजस्वीकडे दिलं. लांबी बघून त्याने वहीत काही लिहिलं नाही. तिने कारण विचारलं तर म्हणाला की याची किंमत लिहायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

लग्नाच्या आधी तो मुंबईचं बिऱ्हाड उचलून आला. एसटीतून उतरला तेव्हा एका हातात बॅग होती, दुसऱ्यात कढीपत्त्याची कुंडी, आणि तीनशे मैल ती मांडीवर घेऊन बसल्याने पँटला सगळी माती. बाबू स्टँडवर न्यायला आले होते. त्यांनी कुंडी बघितली, होणाऱ्या जावयाकडे बघितलं आणि ती त्याच्या हातातून काढून घेतली. घरी पोचल्यावर चहाही न घेता ते विहिरीजवळ गेले आणि कुदळीने खड्डा काढू लागले.

तेजस्वी धावत गेली. कुंडी कशाला फोडताय, ती आम्हाला सावंतवाडीला न्यायची आहे, अकरा महिन्यांनी दुसरी जागा बघावी लागली तर कुंडीच बरी, असं काय काय ती सांगत राहिली. बाबूंनी ऐकलंच नाही. कुंडी फोडून मुळं मोकळी केली, झाड खड्ड्यात ठेवलं, वरून माती ओढली आणि पायाने घट्ट दाबली.

"तुमी फिरा खंय फिरूचा ता," ते म्हणाले. "झाडाक कित्याक तरास?"

आणि त्यांनी विहिरीतून कळशीभर पाणी ओढलं.